दागिन्याचे नाव आणि घाटाची परंपरा : वत्सगुल्माच्या परिसरातून एक विचार

कलेतील गुरुपरंपरेचा विचार निघाला म्हणजे सामान्यतः संगीत, नृत्य आणि काव्य यांची उदाहरणे पुढे येतात. सोनारकामाचा उल्लेख झालाच तर तो हस्तव्यवसाय म्हणून होतो आणि तेथील शिक्षण म्हणजे हाताला लागलेले वळण, एवढ्यावर विवेचन थांबते. परंतु ज्या कारागिरीत कागदावर आराखडा काढण्याची चाल फारशी नव्हती आणि जिच्या शिकवणुकीचे ग्रंथ मराठीत झाले नाहीत, तिच्यातील घाट एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसा पोचला, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकानेही विचारात घेण्याजोगा आहे. कारण घाट पोचविणाऱ्या साधनांपैकी एक महत्त्वाचे साधन भाषिक आहे. ते साधन म्हणजे दागिन्याचे नाव होय.

मराठी दागिन्यांची कित्येक नावे ही केवळ ओळखीच्या खुणा नसून शिष्याला दिलेल्या सूचना आहेत, आणि या सूचना बहुधा सोनारकामाच्या बाहेरच्या जगाकडे, म्हणजे फुलाकडे, धान्याकडे, विणकामाकडे, नाण्याकडे बोट दाखवितात, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. या विवेचनासाठी वाशीम जिल्ह्याचा परिसर निवडण्यास कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा प्रशासनाच्या दृष्टीने नवा असला, तरी वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म हे नाव संस्कृत साहित्यशास्त्राच्या इतिहासात अलंकार, वेष आणि वचन या तिन्हींच्या संबंधात आलेले आहे. शिवाय याच जिल्ह्यात, मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे, ज्यांचे दागिने आणि भरतकाम एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत अशा बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे.

१. तीन विद्यांचा एक शब्द

भरताच्या नाट्यशास्त्रात ‘अलंकार’ ही संज्ञा तीन निरनिराळ्या प्रसंगी येते. काव्याच्या विवेचनात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चार अलंकार सांगितले आहेत. गानविचारात स्वरांच्या ठराविक रचनांना अलंकार म्हटले आहे. आहार्य अभिनयाच्या विवेचनात माला, आभरणे आणि वस्त्रे यांच्या योजनेला हेच नाव दिले असून देहावरील आभरणांचे चार वर्ग केले आहेत. टोचून घालावयाचे ते आवेध्य, बांधावयाचे ते बंधनीय, अंगात चढवावयाचे ते प्रक्षेप्य आणि अंगावर ठेवावयाचे ते आरोप्य. कुंडल पहिल्या वर्गात पडते, कमरपट्टा दुसऱ्यात, नूपुर तिसऱ्यात आणि हार चौथ्यात.

हे वर्गीकरण धातूवरून किंवा मोलावरून केलेले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दागिना आणि देह यांचा संबंध कोणत्या क्रियेने जडतो, यावर ते उभे आहे. पुढे काव्यशास्त्रात अलंकार आणि अलंकार्य यांच्या संबंधाची जी दीर्घ चर्चा झाली, तिचाही मुख्य प्रश्न हाच होता. वामनाने गुणांनी शोभा उत्पन्न होते व अलंकारांनी ती वाढते असा भेद केला. मम्मटाने काव्यालंकारांचे कार्य स्पष्ट करण्यासाठी गळ्यातील हाराचाच दृष्टान्त घेतला. कुंतकाने तर जे सजविले जाते ते आणि ज्याने सजविले जाते ते, यांची गल्लत करणाऱ्यांना धारेवर धरले.

शास्त्रकारांनी सोनाराच्या आणि माळ्याच्या मांडणीतून केवळ दृष्टान्तच नव्हे, तर पारिभाषिक शब्दही घेतले. एकावली म्हणजे एका सराचा हार. काव्यशास्त्रात, प्रत्येक पुढचा पदार्थ मागच्या पदार्थाला विशेषण होत जाऊन जी साखळी तयार होते, तिला एकावली म्हणतात. रशना म्हणजे कमरपट्टा. एका उपमेतील उपमेय पुढच्या उपमेत उपमान होऊन जेव्हा उपमांची कडी कडीत गुंतत जाते, तेव्हा ती रशनोपमा होय. उलट दिशेचे उदाहरण कौटिलीय अर्थशास्त्रात सापडते. तेथे मोत्यांच्या हारांची नावे सांगताना १००८ सरांचा इंद्रच्छंद, त्याच्या निम्म्या म्हणजे ५०४ सरांचा विजयच्छंद आणि २७ सरांची नक्षत्रमाला असे प्रकार दिले आहेत. सत्तावीस नक्षत्रे आणि सत्तावीस सर हा मेळ उघड आहे. म्हणजे हार घडविणाऱ्याला संख्या लक्षात ठेवावी लागत नाही; नाव लक्षात ठेवले की आकाशच संख्या सांगते. नाव हे सूचना कसे बनते, याचे हे फार जुने उदाहरण होय.

२. वत्सगुल्म : वेष, विलास आणि वचन

राजशेखराच्या काव्यमीमांसेत काव्यपुरुषाची कथा आहे. सरस्वतीचा हा पुत्र रुसून निघाला असता त्याला वश करण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधूची निर्मिती केली. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी फिरली. प्रत्येक देशात तिने जो वेष धारण केला, जे नृत्यविलास दाखविले आणि जे बोलणे केले, त्यांवरून त्या त्या देशाची प्रवृत्ती, वृत्ती आणि रीती ठरली, असे राजशेखर सांगतो. त्याच्या मते वेषाची मांडणी ती प्रवृत्ती, विलासाची मांडणी ती वृत्ती आणि वचनाची मांडणी ती रीती. या प्रवासाच्या शेवटी विदर्भातील वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह झाला. याच राजशेखराने कर्पूरमंजरीत वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ असे प्राकृत नाव दिले आहे. ते वत्सगुल्म या नगरनामावरूनच आले आहे.

कथेतील दैवी भाग बाजूला ठेवला, तरी तिच्यातील विचार आजच्या अभ्यासकालाही उपयोगी पडणारा आहे. राजशेखराने वेष, नृत्य आणि वाणी यांना तीन स्वतंत्र कला न मानता ‘विन्यास’ या एकाच क्रियेची तीन रूपे मानली आहेत. दागिन्यांतील मण्यांचा क्रम, पावलांचा क्रम आणि पदांचा क्रम हे त्याच्या दृष्टीने एकाच बुद्धीचे व्यापार आहेत. तसे असेल, तर एका कलेतील मांडणी पाहून दुसऱ्या कलेतील मांडणी सुचणे हा अपघात ठरत नाही. तो प्रदेशाच्या रुचीचा स्वाभाविक परिणाम ठरतो.

वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः प्राकृत कवी होता. त्याचे हरिविजय हे काव्य आज उपलब्ध नाही, परंतु आनंदवर्धनादी शास्त्रकारांच्या उल्लेखांवरून त्याची योग्यता समजते. सर्वसेनाच्या वंशातील हरिषेण याच्या काळी, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. अजिंठा वाशीम जिल्ह्याच्या बाहेर असले, तरी त्याच्या या वैभवाचा संबंध वत्सगुल्माच्या राजसत्तेशी असा थेट पोचतो.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचे महत्त्व येथे वेगळ्या कारणाने आहे. सोन्याचा दागिना टिकत नाही, तो आटवला जातो. मूर्ती दगडाची असल्याने राहते, ताम्रपट जमिनीखाली राहतो. पण आजीची सरी नातीच्या लग्नात मोडीत जाते आणि तिच्या सोन्याचे दुसरेच काही घडते. सोने आणि लेणे यांच्या ज्या दृष्टान्ताचा ज्ञानेश्वरांनी वारंवार उपयोग केला, त्यात लेण्याचा आकार जातो व सोने उरते, हेच सांगितले आहे. तत्त्वज्ञाला हा दृष्टान्त इष्ट असतो. कलेच्या इतिहासकाराला मात्र तो अडचणीचा वाटतो, कारण त्याला हवा असतो तो नेमका नाहीसा झालेला आकार. म्हणूनच पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचा मुकुट व गळ्यातील मोत्यांचे सर, किंवा इतर चित्रांतील बाजूबंद आणि मेखला, हा दागिन्यांच्या इतिहासाचा मोलाचा पुरावा होतो. चित्रकाराने सोनाराचे काम पाहून रेखाटले. सोनाराचे काम गेले आणि चित्रकाराचे राहिले.

हा पुरावा काय नाही, हेही सांगतो. अजिंठ्याच्या स्त्रिया नखशिखान्त नटलेल्या असूनही त्यांच्या नाकात काही नाही. आज मराठी स्त्रीच्या शृंगाराची खूण मानली जाणारी नथ प्राचीन शिल्पांत व चित्रांत आढळत नाही, याकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी आपल्या संशोधनातून लक्ष वेधले होते. शब्दाचा आणि वस्तूचा इतिहास एकमेकांवर पडताळून पाहण्याची ही रीत दागिन्यांच्या अभ्यासाला फार उपकारक आहे.

३. नावांचे साक्ष्य

मराठीतील दागिन्यांची नावे पाहिली असता ती दोन गटांत पडतात. पहिल्या गटातील नावांचा अर्थ आजच्या मराठी भाषकाला लागतो; ती पारदर्शक नावे होत. दुसऱ्या गटातील नावांचा अर्थ लागत नाही. ती अपारदर्शक नावे होत. ‘बुगडी’ हे दुसऱ्या गटातील ठळक उदाहरण आहे. कन्नडात ‘बुगुडी’ असा शब्द याच अर्थाने आहे, पण मराठी कानाला त्यातून कोणत्याही वस्तूचे चित्र दिसत नाही.

पारदर्शक नावांत सर्वांत मोठा वर्ग वनस्पतींचा आहे. चाफ्याच्या कळ्यांच्या आकाराची ती चंपाकळी, बकुळीच्या फुलांचा तो बकुळीहार, कैरीच्या आकाराचा कोयरीहार, वेणीत खोवावयाचा केवडा, मनगटावरचा मोत्यांचा गजरा. त्यालाच लागून धान्याचा व फळाचा वर्ग येतो. बोरमाळेचे मणी बोरांसारखे असतात, पोहेहारातील चकत्या कुटलेल्या पोह्यांसारख्या चपट्या असतात, आणि जोंधळी पोत जोंधळ्याच्या दाण्यांची आठवण देते. ज्वारीच्या मुलखात दागिन्याला जोंधळ्याचे नाव मिळावे, यात नवल नाही. पेरणीपासून खळ्यापर्यंत जो दाणा रोज हातात खेळतो, त्याचा आकार सोनाराला आणि गिऱ्हाइकाला सारखाच परिचित असतो.

दुसरा वर्ग सूत आणि वस्त्र यांचा. हाराला ‘सर’ असतो, पोतीला ‘पदर’ असतात, गळ्यातल्या दोरीला ‘पेड’ असतात. हे सर्व शब्द दोरा वळणाऱ्याचे आणि कापड विणणाऱ्याचे आहेत. पैठणीच्या काठपदरावरील कोयरी आणि सोन्यातील कोयरी ही एकाच आकाराची दोन माध्यमांतील रूपे होत. या वर्गातील ‘गोफ’ हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. गोफ म्हणजे अनेक पेड एकमेकांत गुंफून केलेला दोर. वरून सोडलेले रंगीत पट्टे हातात धरून नाचणारे फेर घेतात आणि त्या फेरांनी पट्ट्यांची वेणी विणली जाते, त्या नृत्यालाही गोफ म्हणतात. सोन्याच्या तारा गुंफून केलेल्या गळ्यातील दागिन्याचे नावही गोफच आहे. सूत, पाऊल आणि तार या तीन माध्यमांत मांडणी एकच राहते: एक पेड दुसऱ्यावरून जातो आणि तिसऱ्याखालून येतो. राजशेखराचा विन्यासविचार सिद्ध करण्यास याहून चांगले मराठी उदाहरण मिळणे कठीण.

तिसरा वर्ग नाण्याचा. पुतळीहारातील ‘पुतळी’ हे मुळात व्हेनिसच्या डकॅट या सोन्याच्या नाण्याचे मराठी नाव. हे नाणे १२८४ पासून पाडले जाऊ लागले आणि १७९७ मध्ये व्हेनिसचे प्रजासत्ताक संपेपर्यंत त्यावरील चित्र जवळजवळ तेच राहिले. एका बाजूस संत मार्कपुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांनी वेढलेली ख्रिस्ताची उभी आकृती. व्यापाराबरोबर हे नाणे भारतात आले. मराठी माणसाला त्यावरील व्यक्ती ओळखू येण्याचे कारण नव्हते. दिसली ती मनुष्याकृती, म्हणून नाव पडले पुतळी. पुढे नाण्याऐवजी सोन्याच्या पातळ पत्र्यावर ठसा उठवून पुतळ्या होऊ लागल्या आणि त्यांवर देवदेवतांच्या आकृती आल्या. कोणा अज्ञात व्हेनिसकर ठसेकाराने मराठी सोनाराला असा एक घाट दिला. दोघांची भेट झाली नाही, परंतु गोल चकतीत उभी आकृती बसविण्याची युक्ती हातोहात पोचली.

चौथा वर्ग मूर्तिकलेचा व वास्तूचा. कोल्हापुरी साजातील पानांवर दशावतार आणि अष्टमंगल यांतील आकृती येतात. म्हणजे देवळाच्या भिंतीवरील विषय नखाएवढ्या पत्र्यावर उतरतात. दागिन्याच्या कडेला जो ‘कंगोरा’ काढतात, तो शब्द मुळात तटाच्या माथ्यावरील दातेरी रचनेचा आहे आणि फार्सीतून आलेला आहे.

४. नाव कसे शिकविते

सोनाराच्या दुकानात शिष्याचे शिक्षण बागेसरीपासून सुरू होते. विस्तव राखणे, फुंकणीने ज्वाळेला दिशा देणे, मुशीतील रस कोणत्या रंगावर आला म्हणजे ओतावयाचा हे ओळखणे, ही पहिली पायरी. नंतर ऐरणीवर पत्रा वाढविणे, जंतरातून तार ओढणे, टाकणखार लावून डाग देणे. तोळ्याचे बारा मासे आणि माशाच्या आठ गुंजा, हा हिशेब हाताला व डोळ्याला एकदमच येतो. या सर्व गोष्टी पाहून व करून शिकावयाच्या असतात. त्यांत शब्दाला गौण स्थान आहे.

घाटाचा प्रश्न येतो तेव्हा स्थिती बदलते. ‘चंपाकळी घडव’ असे गुरूने म्हटले, की शिष्याला पाहावयाच्या वस्तूचा पत्ता मिळतो. तो दुकानात नाही, झाडावर आहे. परंतु चाफ्याच्या कळीत रंग आहे, गंध आहे, देठ आहे, पाकळ्यांची मुरड आहे. यांतील काय घ्यावयाचे? येथे नावाचे दुसरे कार्य सुरू होते. नाव ‘चाफा’ नसून ‘कळी’ आहे. उमललेले फूल नको, मिटलेला निमुळता आकार हवा. एक नको, अनेक हव्यात. आणि त्यांची टोके खाली लोंबावयास हवीत. बोरमाळेतही असेच घडते. बोराची गोलाई घेतली जाते आणि आठळी टाकून दिली जाते. पातळ पत्र्याचा मणी आतून पोकळ राहतो व त्यात लाख भरतात, म्हणून थोड्या सोन्यात भरघोस माळ होते. जोंधळ्याचा दाणा लहान व भरीव, म्हणून तेथे घाटाचा तोल वेगळा राहतो. म्हणजे नाव हे नमुना दाखविते आणि त्या नमुन्यातून काय वगळावयाचे हेही सुचविते. काव्यशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे, तर प्रत्येक पारदर्शक नाव ही एक लुप्तोपमा आहे. साधारण धर्म गुरूने उघड सांगितलेला नसतो आणि तो शिष्याने शोधावयाचा असतो.

नावाचे तिसरे कार्य गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यातील कराराचे. स्त्री दुकानात येऊन बकुळीहार मागते, तेव्हा बकुळीचे फूल दोघांनीही पाहिलेले असते. घाट साधला की नाही, याचा निवाडा करण्याचा अधिकार त्यामुळे तिलाही पोचतो. सोनारकामाच्या बाहेरील माणसाला त्या कलेचा परीक्षक होता येते, ते नावामुळे. शिष्याचा एक गुरू दुकानात बसलेला असतो आणि दुसरा उंबऱ्याबाहेर उभा असतो.

या देवघेवीत सोनाराने घेतलेच, दिले नाही, असे नाही. नरहरी सोनार या वारकरी संताच्या नावावर असलेल्या प्रसिद्ध अभंगात बागेसरी, मूस, हातोडा, कातर आणि ताजवा ही दुकानातील सर्व साधने परमार्थाच्या साधनेची रूपके होऊन आली आहेत. देह, त्रिगुण, विवेक, मनबुद्धी आणि ज्ञान यांना एकेका हत्याराची जागा मिळाली आहे. रूपकाची ही योजना केवळ शोभेची नाही. शोधणे, वितळवणे, ठोकणे आणि तोलणे हा कामाचा क्रम ज्याच्या हातात आहे, त्यालाच ती इतक्या नेमकेपणाने सुचू शकते.

अपारदर्शक नावाच्या बाबतीत मात्र उंबऱ्याबाहेरचा गुरू नसतो. बुगडी कशी असावी हे बुगडीच सांगते. म्हणजे पूर्वीचा दागिना समोर असला, किंवा गुरूचा हात समोर असला, तरच घाट चालू राहतो. दोन्ही नसतील, तर शब्द कोशात राहतो आणि वस्तू नाहीशी होते.

५. पोहरादेवी : वस्त्र आणि दागिना यांची सरमिसळ

आतापर्यंतची उदाहरणे स्थिर वस्तीतील मराठी समाजाची झाली. बंजारा समाजाचे उदाहरण याच विचाराची दुसरी बाजू दाखविते. लदेणी, म्हणजे बैलांच्या तांड्यांवर धान्य व मीठ लादून दूरदूरचा व्यापार, हा या समाजाचा पूर्वापार व्यवसाय. त्यांची गोरबोली भारतीय आर्यभाषांपैकी असून तिचे राजस्थानीशी जवळचे नाते आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात वऱ्हाडीची नोंद १९०५ च्या सातव्या खंडात आणि बंजारीची १९०७ मधील नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात आहे. वाशीम जिल्ह्यात मात्र या दोन्ही बोली एकाच बाजारात ऐकू येतात. पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. तेथील बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. त्या इमारतीला नंगारा या वाद्याचा आकार दिला आहे. म्हणजे तेथे वाद्याचा घाट वास्तूने उचलला आहे.

सतत फिरतीवर असणाऱ्या समाजाची संपत्ती अंगावर वागविली जाते. त्यामुळे बंजारा स्त्रीच्या वेषात दागिना कोठे संपतो आणि वस्त्र कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण असते. कांचोळीवर आरसे, कवड्या आणि नाणी टाकलेली असतात. म्हणजे दागिन्याचे घटक शिवले जातात. उलट केसांत अडकवावयाच्या घुगरी आणि टोपली या चांदीच्या दागिन्यांना लोकरीचे वा सुताचे गोंडे लोंबतात. म्हणजे वस्त्राचे घटक दागिन्यात येतात. भरतातील चौकोन, त्रिकोण आणि ठिपक्यांच्या रांगा यांच्या शेजारी चांदीवरील रव्यांच्या रांगा ठेवून पाहिल्या, तर दोन्हींची मांडणी एकमेकींशी बोलते.

भरतकाम ही बंजारा स्त्रियांच्या हातची कला. आई मुलीला ती शिकविते. चांदीचे काम मात्र बहुधा स्थिर वस्तीतील सोनाराकडे करवून घेतलेले असते. अशा वेळी घाटाची सूचना गिऱ्हाइकाच्या अंगावरील वस्त्रातूनच मिळते. येथे गुरुशिष्यसंबंध उलटा होतो: सोनार शिकतो आणि गिऱ्हाईक शिकविते.

दोन्ही बोलींतील एक शब्दयुग्म या दृष्टीने पाहावे. गळ्यात घालावयाच्या भरीव कड्याला मराठीत ‘सरी’ म्हणतात, गोरबोलीत ‘हांसली’. वस्तूचा प्रकार एकच आहे. परंतु मराठी नाव ‘सर’ या हाराच्या शब्दकुलातले दिसते. ‘हांसली’चा संबंध मात्र हिंदीत गळ्याखालच्या हाडाला जे हँसली म्हणतात, त्याच्याशी आहे. एका बोलीने दागिना इतर दागिन्यांच्या रांगेत बसविला, दुसरीने तो देहावर बसविला.

६. नामसादृश्याची मर्यादा

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. दोन कलांत एकच शब्द आढळला, की एकीने दुसरीकडून उसने घेतले असे अनुमान काढणे मोहक असते. ‘तोडा’ हा हातापायांतील दागिना आहे आणि कथ्थक नृत्यातील बोलांच्या बांधणीलाही तोडा म्हणतात. ‘मुरकी’ हे कानातील लहान बाळीचे नाव आहे, तसेच ते गायनातील स्वरांच्या एका हरकतीचेही आहे. परंतु केवळ रूपसाम्यावरून येथे संबंध जोडणे योग्य नव्हे. गोफाच्या बाबतीत तिन्ही ठिकाणी रचनेची क्रिया एकच आहे, म्हणून तेथे संबंध मानता येतो. तशी समान क्रिया तोड्यात दाखविता येत नाही. लोकव्युत्पत्तीची गोष्टही अशीच. ठुशीतील मणी ठासून बसविलेले असतात म्हणून ती ठुशी, असे सांगण्यात येते. व्युत्पत्ती म्हणून ते सिद्ध झालेले नाही. तथापि असे स्पष्टीकरण शिकविण्याच्या कामी उपयोगी पडते, कारण मण्यांत फट राहू नये हे शिष्याला त्यातून समजते. खोटी व्युत्पत्तीसुद्धा खरी सूचना देऊ शकते, हा कारागिरांच्या भाषेचा विशेष मानावा लागेल.

७. परंपरेत पडलेले खंड

नावातून आणि हातातून चालत आलेल्या या शिक्षणाला स्वतंत्र भारतात मोठा धक्का बसला तो सुवर्णनियंत्रणाने. १९६३ च्या जानेवारीत लागू झालेल्या नियमांनी १४ कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई केली. ही मर्यादा १९६६ मध्ये उठली. १९६८ मध्ये सुवर्णनियंत्रणाचा कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. या काळात असंख्य सोनारांचा धंदा बसला, हे सर्वश्रुत आहे. त्याची तांत्रिक बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. २२ कॅरटच्या सोन्यात सुमारे ९१.६ टक्के शुद्ध सोने असते, १४ कॅरटमध्ये सुमारे ५८.३ टक्के. हिणकस मिसळले की सोने कडक होते, आणि जी तार केसासारखी ओढली जाई, जो पत्रा पाकळीसारखा वळे, तो तसा वळत नाही. म्हणजे नियमाने सोन्याचा कस ठरविला आणि त्याबरोबरच हाताला न कळत घाटाची शक्यताही ठरविली. धंदा बसल्यामुळे ज्या घरांतील मुले दुसऱ्या कामाला लागली, तेथे हाताची परंपरा तुटली ती तुटलीच.

दुसरा बदल अधिक शांतपणे आला आहे. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सोन्याच्या दागिन्यांवर प्रमाणचिन्ह सक्तीचे करण्यात आले आणि १ एप्रिल २०२३ पासून अक्षरे व अंक मिळून सहा चिन्हांचा स्वतंत्र ओळखक्रमांक आवश्यक झाला. ग्राहकाची फसवणूक टळावी, हा त्याचा हेतू योग्यच आहे. हा क्रमांक सोन्याच्या कसाविषयी बोलतो. घाटाविषयी तो काही बोलत नाही आणि तसा त्याचा दावाही नाही. अडचण उत्पन्न होते ती नमुन्यांच्या पुस्तकातील क्रमांक नावाची जागा घेतो तेव्हा. यंत्रावरील ठशाने पाडलेला हार क्रमांकाने मागविला, क्रमांकाने पाठविला आणि क्रमांकाने विकला, तर त्याचा आकार अचूक राहील. परंतु तो आकार कोठून आला, त्यात काय घेतले आणि काय टाकले, हे क्रमांक सांगत नाही. ठसा तयार झालेला घाट सांभाळतो. नाव घाट तयार होण्याची वाट सांभाळते. ठशातून दुसरी चंपाकळी निघेल. चंपाकळी या नावातून मात्र एखाद्याला पळसाची कळी सुचू शकेल, आणि नवनिर्मिती म्हणतात ती हीच.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या केंद्र शासनाच्या विश्वकर्मा योजनेत ज्या १८ व्यवसायांचा समावेश आहे, त्यांत सोनारकाम आहे आणि गुरुशिष्यपरंपरा बळकट करणे हा तिचा घोषित उद्देश आहे. तीत मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे व प्रगत प्रशिक्षण १५ दिवसांचे वा त्याहून अधिक आहे. एवढ्या अवधीत नवे हत्यार हाताळता येईल. डोळा तयार होण्यास वर्षे लागतात. त्या अवधीतही घाटाचे नाव, नावामागील वस्तू आणि त्या वस्तूतून उचललेला गुण, एवढे तीन स्तंभ जरी शिष्याला मराठीत उपलब्ध करून दिले, तरी उंबऱ्याबाहेरच्या गुरूशी त्याची ओळख होईल.

हे काम भाषाविभागांच्या आवाक्यातले आहे. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आणि १९३२ पासून प्रसिद्ध झालेला महाराष्ट्र शब्दकोश यांत दागिन्यांची पुष्कळ नावे आहेत. परंतु ‘एक दागिना’ किंवा ‘गळ्यातील एक अलंकार’ एवढ्या अर्थावर कोशकाराचे समाधान होते, तेथे कारागिराचे होत नाही. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत वऱ्हाडी व गोरबोली या दोन्हींतील नावे, एकदाणी, गरसोळी, डोरले, तोरड्या, वाळे, विरोद्या, घुगरी, टोपली, घडविणारा आणि लेणारी या दोघांच्याही तोंडून नोंदविता येतील. प्रत्येक नावापुढे वस्तूचे रेखाचित्र, वापराची जागा आणि भाषकाने स्वतः दिलेले स्पष्टीकरण, मग ते व्युत्पत्तीच्या कसोटीला उतरो वा न उतरो, लिहिले जावे. लेणारीची साक्ष यात विशेष मोलाची आहे, कारण मोडीत गेलेल्या सरीचा आकार सांगू शकणारी ती अनेकदा शेवटचीच व्यक्ती असते.